दर फेऱ्याला एक टक

माझ्या सुनेला कारखान्यात सगळे ‘कान’ म्हणतात. म्हणजे तोंडावर ताई म्हणतात, पण काही अडलं की ‘कानाला बोलवा’ अशी हाक जाते. मला हे कळलं तेव्हा माझा तिळपापड झाला. माणसाला अवयवाच्या नावाने कसल्या हाका मारता म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, नाक म्हणत नाहीत हेच नशीब समजा, आई. आमचं हे असंच चालतं. मी तापते, ती हसते आणि माझा मुलगा पेपरात तोंड खुपसून बसतो.

लग्न होऊन आली तेव्हा ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. तिथले संशोधक तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट कसं होतं यावर डोकं चालवायचे आणि त्यासाठी त्यांना निकेलची काळी भुकटी लागायची. दिसायला काजळी, पण स्वभाव भयंकर. पाण्याखाली आहे तोवर ठीक, कोरडी पडली की हवेतच पेट घेते. ती भुकटी सांभाळायचं काम हिच्याकडे. पहिल्याच आठवड्यात मला सांगत होती, तिला सारखं गार ठेवावं लागतं, तिच्याकडे दुर्लक्ष केलेलं तिला चालत नाही आणि कधी भडकेल याचा नेम नाही. मी विचारलं, हे भुकटीबद्दल चाललंय की माझ्याबद्दल? तेव्हा पहिल्यांदा ती मोठ्याने हसली. बरं वाटलं मला, खोटं कशाला सांगू.

माझ्या कानांमागे वर्षानुवर्षं खाज होती. डॉक्टर झाले, मलमं झाली, शेजारणींचे सल्ले झाले. एके दिवशी हिने कसल्याशा औषधात बुडवलेला कापसाचा बोळा माझ्या चष्म्याच्या काडीवर घासला, तर पांढरा कापूस गुलाबी झाला. म्हणाली, निकेल आहे, तुमच्या कातडीला ते सोसत नाही. मग आम्ही दोघी घरभर बोळे घासत फिरलो. दाराची कडी गुलाबी, मुलाच्या पँटचं बटण गुलाबी, घड्याळाचा पट्टा गुलाबी. चमचे मात्र पांढरेच राहिले. त्या स्टीलमध्ये निकेल असतं, पण ते घट्ट धरून ठेवतं, सोडत नाही, असं ती म्हणाली. मी प्लॅस्टिकची चौकट घेतली आणि खाज गेली. तेव्हापासून मी तिच्यावर रागावते ती नुसती सवयीने.

कॉलेजातलं ते संशोधन संपलं, तशी ती रेकॉर्डच्या कारखान्यात लागली. गाण्याच्या रेकॉर्ड, त्या काळ्या, गोल. मला वाटलं होतं त्या केव्हाच गेल्या, पण लोक पुन्हा घ्यायला लागलेत म्हणे. आता निकेलचा आणि गाण्याचा काय संबंध, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. गाणं आधी एका मऊ तबकडीवर कोरतात. तिच्यावर चांदीचा अगदी पातळ फवारा मारतात आणि ती निकेलच्या हिरव्यागार पाण्यात सोडतात. वीज चालू केली की तिच्यावर निकेल चढत जातं. मग तो निकेलचा पत्रा सोलून काढतात. मऊ तबकडी त्यात कामातून जाते. या पत्र्याला म्हणतात बाप. बापावर खाचांच्या जागी उंचवटे असतात, म्हणून तो वाजत नाही. बापावर पुन्हा निकेल चढवून सोललं की निघते ती आई. तिच्या खाचा सरळ असतात, ती वाजते. आईवरून साचे करतात आणि साच्यांनी रेकॉर्डी दाबतात. आपल्या घरातही बाप गप्प असायचा आणि आईच वाजते, असं माझा मुलगा यावर म्हणाला. त्या संध्याकाळी त्याला चहा मिळाला नाही.

आधी सूनबाई त्या हिरव्या पाण्याची तपासणी करायची, त्यात निकेल किती, आम्ल किती. पुढे तिच्या कानांचा लौकिक झाला आणि मास्तरांनी तिला आतल्या खोलीत घेतलं. मास्तर म्हणजे निकेलच्या खोलीचे प्रमुख, सगळं आयुष्य त्यांनी तिथे काढलेलं. खोलीतलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे आई ऐकणं. हेडफोन लावायचा, सुई टेकवायची आणि निकेलमध्ये कुठे कण किंवा खड्डा राहिला असला तर त्याची टक पकडायची. खड्डा शेजारशेजारच्या खाचांत पसरलेला असतो आणि तबकडी गोल फिरते, त्यामुळे टक दर फेऱ्याला त्याच जागी येते. ती सापडली की सूक्ष्मदर्शकाखाली धरून एका अणकुचीदार हत्याराने खरवडून काढायची. हात जरा हलला तर गाण्याचं वाटोळं. मला सुईत दोरा ओवायचा तर तिला हाक मारते मी, यावरून काय ते समजा.

तर मास्तर निवृत्त व्हायला आले. खोली कोणाला द्यायची? मास्तरांनी हिचं नाव घेतलं, पण मालकांना बाहेरचा कोणी तयार माणूस आणायचा होता. शेवटी मालक म्हणाले, पुढची रेकॉर्ड हिने एकटीने काढू दे, मी स्वतः ऐकतो आणि मग ठरवतो. त्या दिवशी सूनबाई घरी आली आणि पर्स न ठेवताच म्हणाली, “मला ती खोली हवी आहे, आई.” एवढ्या वर्षांत तिने मला काही हवं आहे असं कधी सांगितलं नव्हतं.

रेकॉर्ड होती एका म्हाताऱ्या अकॉर्डियनवाल्याची. उभा जन्म लोकांच्या लग्नांत आणि नाचांत वाजवत आला, पण स्वतःच्या नावावर एक रेकॉर्ड नाही. आता मुलांनी हौसेने करवून घेतली होती. बाप छान निघाला, आईही छान निघाली. सूनबाई ऐकायला बसली आणि तिसऱ्या गाण्यात, एका संथ चालीत, टक आली. पुढच्या फेऱ्याला पुन्हा टक. मग थोडा वेळ नाही आणि पुन्हा सुरू, दर फेऱ्याला एक.

मास्तरांनी ऐकलं आणि खड्डा म्हणून मोकळे झाले. पण हिच्या मनात पाल चुकचुकली. खड्डा जागा सोडत नाही आणि ही टक मात्र दर फेऱ्याला केसभर अलीकडे येत होती, कोणी घाईत असल्यासारखी. मास्तर म्हणाले, चरा तिरका असला की असं होतं. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चरा नाही, खड्डा नाही, नुसती खाच किंचित थरथरलेली. मास्तर म्हणाले, तिथे खरवड आणि सोडून दे, कोणालाच कळणार नाही. मालकांना पहिली ऐकू येईल ती हीच टक, मग मी तरी काय बोलणार? ते तिच्या भल्याचंच सांगत होते.

घरी मीही तेच सांगितलं, वर चार शब्द सुनावले. काढून टाक आणि सुटी हो, एका टकेसाठी कोण रडणार आहे?

“ज्याची असेल तो,” सूनबाई म्हणाली.

सुटीच्या दिवशी तिने ती निकेलची आई मऊ कापडात गुंडाळून पिशवीत घातली आणि अकॉर्डियनवाल्याच्या घरी निघाली. मीही चप्पल घातली. ही बोलायला कमी, म्हटलं तिथे कोणीतरी तोंड असलेलं हवं.

जिने चढून वर गेलो. एकच मोठी खोली, मागे छोटं स्वयंपाकघर. खिडकीपाशी शिलाई मशीन, मशीनवर अर्धवट शिवलेली पँट, कपाटावर कापडाने झाकलेलं अकॉर्डियन. म्हातारा उंच, हसरा, एका कानाने अधू. बायको ठेंगणी, बोटात अंगुस्तान, ती शिवणकामाची धातूची टोपी, घालून पँटची खालची पट्टी हाताने शिवत होती, आम्ही आलो तरी हात थांबला नाही. तिथल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर सूनबाईने आई लावली. म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. तिसरं गाणं आलं, टक झाली. त्याला पत्ता नाही, तो बारीक आवाज त्याच्या कानांपर्यंत पोचतच नव्हता. पण बायकोचा हात थांबला. तिचा चेहरा असा पडला की मला वाटलं सुई टोचली. ती उठली आणि डोळ्यांनीच मला स्वयंपाकघरात बोलावलं.

तिथे ओट्याला टेकून हळू आवाजात तिने सगळं सांगितलं. हे तरुणपणापासून संथ चालीत पळतात, लय वाढवत नेतात. आपण पळतोय हे यांना कळत नाही. म्हणून ही शेजारी बसायची आणि यांचा पाय सुटला की अंगुस्तानाने खुर्चीच्या हातावर ठोका द्यायची, तीन मात्रांना एक. सावरले की थांबायची. रेकॉर्डिंगच्या दिवशीही ती कोपऱ्यात गुपचूप बसली होती आणि यांनी चाल सोडली तेव्हा तिला राहवलं नाही. आता तीन मात्रांना आणि तबकडीच्या एका फेऱ्याला जवळजवळ सारखाच वेळ लागेल हे तिला काय ठाऊक?

“काढून टाका हो ते,” ती म्हणाली. “यांची एवढी एकच रेकॉर्ड. त्यात माझी लुडबूड कशाला? आणि यांना सांगू नका.”

आठवडाभर मीच ‘काढून टाक’ म्हणून सुनेच्या डोक्याशी कटकट करत होते. पण आता माझं डोकं सणकलं. लुडबूड म्हणे! जन्मभर त्या माणसाला सांभाळून घेतलं आणि वर हिचीच लुडबूड. मी गप्प बसणाऱ्यातली नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. तशीच बाहेर गेले आणि म्हाताऱ्याच्या चांगल्या कानाशी वाकून त्याला अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. सूनबाई डोळे वटारत होती, तिकडे पाहिलंच नाही.

म्हाताऱ्याने सुई पुन्हा तिसऱ्या गाण्यावर ठेवायला सांगितली आणि बायकोला बोलावून शेजारी बसवलं. जिथे जिथे ठोका दिलास तिथे टेबलावर दे म्हणाला, मला कळू दे. त्याने तळहात टेबलावर सपाट ठेवला. ती ठोकत गेली आणि त्याच्या हाताला ते समजत गेलं, इथे मी पळालो, इथे हिने धरलं, इथे पुन्हा पळालो. गाणं संपलं तेव्हा तो आधी बारीक हसला, मग पोट धरून हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“मला वाटत होतं म्हातारपणी तरी मी सुधारलो,” तो म्हणाला. मग सूनबाईकडे वळला. “ते काढू नका, ताई. ते काढलंत तर नुसता पळणारा माणूस उरेल. आणि रेकॉर्डवर हिचं नाव घाला, माझ्या शेजारी.”

बायको “अहो, काहीतरीच काय” म्हणत पँट घेऊन उलटीकडूनच शिवायला बसली. आम्ही चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि त्याने आमच्यासाठी तीच चाल वाजवली. या वेळी तिने ठोके जोरात दिले.

परतताना मात्र सूनबाई पिशवी छातीशी धरून भराभर चालत होती. बाईची टक राहिली म्हणजे खोली गेली, हे दोघींनाही कळत होतं. मी म्हटलं, मालकाला मी येऊन सांगू का? ती म्हणाली, आई, तुमच्या पाया पडते, नको.

मालकांनी ऐकलं त्या दिवशी मी सकाळपासून दाराशी घिरट्या घालत होते. ती आली ती चप्पल न काढताच सांगायला लागली. मालक हेडफोन लावून बसले, मास्तर शेजारी उभे. तिसऱ्या गाण्यात पहिली टक आली तसा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, निकेलमध्ये खड्डा आहे. हिने लेबलाचा नमुना पुढे ठेवला. अकॉर्डियन, आणि त्याचं नाव. शेजारी ठेका, आणि तिचं नाव. मालकांनी ते वाचलं, हिच्याकडे पाहिलं आणि गाणं पहिल्यापासून लावायला लावलं. अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, “इथे बाई ठोका द्यायला विसरल्या.”

“विसरल्या नाहीत,” सूनबाई म्हणाली. “इथे ते पळाले नाहीत.”

मालकांनी मास्तरांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का? मास्तरांना हो म्हणता आलं असतं. निवृत्त होणारा माणूस, जाता जाता आपला मान कोण घालवेल?

“मला खड्डाच वाटला होता,” मास्तर म्हणाले. “मी तो खरवडून टाकला असता.”

आणि मालक काही बोलायच्या आत त्यांनी खोलीची किल्ली कमरेची सोडवून सूनबाईसमोर ठेवली. मालकांनी हेडफोन काढला नाही. किल्ली घ्या, एवढंच तिला म्हणाले, आणि गाणं पुन्हा लावायला सांगितलं.