सवतीचा श्वास

आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे घेण्यात गेलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर घरी काय आणावं? कवळीवाल्यांनी आणली उघड्या टपाची, दोनच माणसांची, जवळपास त्यांच्याच वयाची लाल स्पोर्ट्स कार. शेजाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. बायको म्हणाली, "सवत!" आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली.

पण पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा कवळीवाल्यांच्या अंगावर काटा आला होता. इंजिनाला हवा ओढणारी दोन तोंडं, म्हणजे दोन कार्बोरेटर. कुठे कॉम्प्युटर नाही, वायरींचं जंजाळ नाही. कधीच मरून गेलेल्या कुणा कारागिरांनी जुळवलेलं लोखंड अजून श्वास घेतंय, याचं त्यांचं नवल काही केल्या ओसरेना.

गाडी सुरळीत चालायची तर दोन्ही तोंडांनी सारखीच हवा ओढायला हवी. रबरी नळीचं एक टोक तोंडापाशी धरायचं, दुसरं कानाशी, आणि दोन्हीकडचा सुसकारा सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. कवळीवाले मधोमध उभे राहत. पुढच्या तोंडाला उजवा कान, मागच्याला डावा. जागचं हलायला नको म्हणून लागलेली सवय.

यंदा मात्र गाडी बिथरली. उभ्या उभ्या थरथरे, चढावर धापा टाके. मागच्या तोंडाचा आवाज मंद येई, म्हणून त्यांनी त्याचा स्क्रू आणखी उघडला, मग आणखी. जितकी दुरुस्ती, तितका बिघाड. शेवटी त्यांनी हात टेकले आणि गाडी विकायची म्हणून एका गिऱ्हाइकाला निरोप धाडला.

"वय झालं तिचं," ते जेवताना म्हणाले. घास तोंडात नुसता फिरत राहिला. गाडी गेल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, हे काही त्यांनी बोलून दाखवलं नाही.

गिऱ्हाईक यायच्या दिवशी ते शेवटचं म्हणून नळी लावून वाकले होते. बायको हात पुसत बाहेर आली.

"अहो, मागचं किती ओढतंय! पुढचं बिचारं उपाशी मरतंय."

"उलट आहे गं. मागचंच मंद आहे."

"मला चुलीपाशी ऐकू येतं, आणि तुम्हाला नळी लावून येत नाही? दोन्हीकडे उजवाच कान लावा बघू."

त्यांनी लावला. मागचं तोंड नुसतं घोंघावत होतं. नळी डाव्या कानाशी नेली, तर तोच आवाज कुठल्या कुठे. गाडीला काहीच झालं नव्हतं. त्यांचा डावा कान गेला होता, आणि शिक्षा ती बिचारी भोगत होती.

"तुला कसं कळलं?"

"इतकी वर्षं दाराशी घोरतेय सवत. तिचा श्वास मला नाही कळणार?"

तिने नळी कानाला लावली, त्यांनी स्क्रू धरला. "थोडं कमी... अजून... बस्स!" थरथर थांबली. मडगार्डवर ठेवलेल्या कपातल्या चहावरचे तरंगही विरले. कवळीवाले मात्र बायकोकडेच बघत राहिले. जिला गाडीचा राग येतो असं ते धरून चालले होते, ती रोज भांडी घासता घासता तिचा श्वास ऐकत होती!

"फाटकाशी हॉर्न वाजतोय," ती म्हणाली.

"मला नाही ऐकू आला," ते म्हणाले, आणि ते सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही.

नळी तशीच हातात घेऊन ती फाटकाकडे गेली आणि गिऱ्हाइकाला बाहेरूनच वाटेला लावून आली.