त्या सकाळी ताईला मामा दिसला

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी सांगायला लागलं की मी उठून जायचो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं... म्हणून लिहितोय.

आमचं गाव पेडगाव, तालुका परभणी. मी सेलूला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर आहे, रोज जाऊन-येऊन करतो. मोठी बहीण सुमनताई. तिला आवाज ऐकू यायचे — कुणीतरी सारखं शिव्या देतंय म्हणायची आणि कानात कापूस कोंबून बसायची. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. दोन वर्षं गंडेदोरे झाले. मग ओळखीच्या एका नर्सबाई म्हणाल्या, हा आजार आहे, मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा.

जवळपास चौकशी केली, कुणी मिळेना. शेवटी संभाजीनगर गाठलं. पहाटेची रेल्वे, दिवसभर नंबर लावून बसायचं. डॉक्टर एकटेच आणि बाहेर उभं राहायला जागा नाही. तरी त्यांनी ताईचं नीट ऐकून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत ताई भाकरी थापायला लागली. एकदा हसली, तर मायला रडूच कोसळलं.

आणि मग तो रविवार. सकाळी दहाचा सुमार. आम्ही तिघं जेवत होतो. ताईनं हातातला घास खाली ठेवला आणि दाराकडं बघत म्हणाली,

"मामा आलाय. लय भिजलाय. टॉवेल द्या त्याला."

"अगं, मामा कुठला? त्यो तर तिकडं ऊसतोडीला हाय," माय म्हणाली.

दारात कुणीच नव्हतं, नुसतं ऊन. ताई उठली, दोरीवरचा टॉवेल काढून उंबऱ्यावर ठेवला आणि परत जेवायला बसली. मी मनात म्हटलं, गोळ्या वाढवून घ्याव्या लागणार.

साडेअकराला सांगलीकडून मुकादमाचा फोन आला. मामा पाय घसरून कालव्यात पडला होता... दहाच्या सुमाराला. काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

दुसऱ्या आठवड्यापासून गावातल्या बाया ओटी घेऊन यायला लागल्या. "हिच्या अंगात येतंय. आजार न्हाईच त्यो," म्हणत मायनं गोळ्या फडताळात वर टाकल्या. डॉक्टरांची तारीख आली, मी सुट्टी काढली नाही. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आणि तो प्रवास टळला याचं बरंही वाटलं.

आवाज परत आले. बाया प्रश्न विचारायच्या, ताई नुसती कान झाकायची. एकदा मला बाजूला ओढून म्हणाली, "बापू, मला न्हाई रे काही दिसत. माह्या गोळ्या दे ना."

"मायला विचारतो," म्हणालो. विचारलं नाही.

पुढं तिला अन्नात विष दिसायला लागलं. जेवण सुटलं, मग पाणीही. जीप करून संभाजीनगरला निघालो, तर जालन्याच्या अलीकडंच ताई माझ्या मांडीवर गेली.

महिन्यानं मी एकटाच त्या डॉक्टरांकडे गेलो. सगळं सांगितलं, मामाचंही. त्यांनी ताईचा जुना कागद काढून शेवटची तारीख बघितली. मग म्हणाले, "तिला ते कसं कळलं, मला नाही सांगता येणार. पण गोळ्या चालू असत्या तर ती आज असती."

घरी आलो तर माय दारातच. "काय म्हणले डॉक्टर?"

"त्यांनाबी न्हाई कळलं," मी म्हणालो.

दुसरं वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही.