आईचं माहेर आणि माझा उपग्रह

भालकीच्या स्टेशनावर माझी पेटी ज्यानं डब्यात चढवली, त्याच्याशीच त्या उन्हाळ्यात माझं लग्न व्हायचं होतं. गुंडूमामा, आईचा धाकटा भाऊ, हळ्ळीखेडचा. बेंगळुरूच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळावी म्हणून तो टीसीशी आधी कन्नडमधून आणि मग दखनी उर्दूतून हुज्जत घालत होता. आई तोंडाला पदर लावून फलाटावर उभी होती. अप्पा उगाच घड्याळ बघत होते.

आपल्या बिदर भागातल्यांना यात नवल वाटणार नाही. पुण्याकडच्या मैत्रिणींना मात्र दर वेळी समजावून सांगावं लागतं. आमच्यात थोरल्या बहिणीच्या मुलीवर मामाचा हक्क. मी पाळण्यात होते तेव्हाच आजोळच्यांनी मला मागून ठेवलं होतं. त्या मागणीला नाही म्हटलं की बहिणीला माहेर बंद. सणाला न्यायला कुणी येत नाही, आणि सख्खा भाऊ बाजारात दिसला तरी मान वळवून जातो.

कलबुर्गीला माझं इंजिनिअरिंग चालू होतं तोवर सगळं गोडीगुलाबीचं होतं. मग उपग्रह बनवणाऱ्या संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून माझी निवड झाली, आणि भालकीजवळच्या मेहकरच्या आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. आई जा म्हणाली नाही, नको जाऊ असंही म्हणाली नाही. भाकरी थापता थापता एवढंच बोलली, "माझं माहेर तुझ्या हातात हाय बग." त्यानंतर माझं पाऊल उचलेना.

एका रविवारी मामा आला. पोटभर जेवला. भावकीतली चार माणसं ओट्यावर बसली होती, त्यांच्यासमोर जाऊन म्हणाला, "मलाच न्हाई करायचं हे लगीन. इतकी शिकलेली बायकू मला झेपायची न्हाई."

मागणाऱ्यानंच हक्क सोडला की मुलीकडच्यांवर बोल येत नाही, नाचक्की सगळी मामाची होते. झालीही. हळ्ळीखेडच्या बाजारात लोक त्याला 'भाचीला भ्यालेला' म्हणून चिडवायचे, आणि आजोबांनी तर कितीतरी दिवस त्याच्याशी बोलणंच टाकलं. तो हसून आपल्या आल्याच्या शेतात कामाला लागायचा.

गाडी सुटायच्या आधी मी खिडकीतून हळूच विचारलं, "मामा, तुमी भावकीत खोटं बोललाव ना?"

"व्हय," तो म्हणाला. "आता कामून उकरायलीस? तिकडं मन लावून काम कर."

पुढे मी बरीच मोठी माणसं जवळून पाहिली. त्याच्याएवढं मोठं मला अजून कुणी वाटलेलं नाही.

बेंगळुरूत सुरुवातीला सगळे माझ्या कन्नडला हसले. आमची बिदरची कन्नड, तिच्यात निम्मी दखनी. पण हसणारेच पुढे जिवाभावाचे झाले. माझं काम उपग्रहाच्या तापमानाचं. वर त्याची एक बाजू उन्हात भाजते, दुसरी गारठून जाते, आणि आतली नाजूक यंत्रं या दोन्हींतून वाचवायची असतात. क्लीन रूममध्ये जाताना डोक्याला टोपी, अंगात पांढरा झगा, हातात बांगडी नाही. निर्वात चेंबरमध्ये उपग्रह ठेवून आठवडेच्या आठवडे चाचण्या चालायच्या. चाचणी फसली की माझ्या पहिल्या वरिष्ठ बाई कुणावर आवाज चढवायच्या नाहीत. चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, पुन्हा करू. काम करणं मी त्यांच्याकडून शिकले.

सुट्टीत गावी गेले की म्हातारी माणसं मला शनी कधी सुटेल ते विचारतात. पोरगी ग्रहांच्या खात्यात आहे, मग तिला माहीत असणारच! मीही गंभीर चेहरा करून मारुतीला तेल घालायला सांगते.

माझं लग्न हासनकडच्या एका सहकाऱ्याशी ठरलं, भालकीत झालं. लग्नात नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. भटजींनी मामा कुठे आहेत म्हणून विचारलं आणि मांडवातल्या माना इकडेतिकडे वळल्या, कारण जुनी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गुंडूमामा फेटा सावरत पुढे आला आणि अक्षता संपेपर्यंत माझ्या पाठीशी उभा राहिला. त्याची बायको, माझी मामी, समोर बसून कौतुकानं बघत होती. मला रडू आवरेना. लोकांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडतेय.

मध्यंतरी एका उपग्रहाच्या तापमानाची सगळी जबाबदारी माझ्यावर होती. तो नेमका नागपंचमीला वर गेला. रॉकेटपासून तो सुटा झाला, संदेश येऊ लागले, आणि पडद्यावर तापमानाचे आकडे हवे तसे उमटत गेले. बाहेर येऊन घरी फोन लावला तर अप्पा म्हणाले, तुझी आई घरात नाही. मग मामाला लावला. पलीकडे टीव्हीचा आवाज, पोरांचा गलका.

"मामा, आई कुठाय?"

"कुठं असणार? पंचमीला माहेराला आलीया की. झोक्यावर बसलीया."

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी मेहकर सांगते, आणि राहते बेंगळुरूत. मनात मात्र पहिलं येतं ते हळ्ळीखेडचं घर, जिथे मी सून म्हणून जायची होते. त्या घरानं मला जाऊ दिलं, आणि आईला येऊ दिलं.