सभेत सांगितलं, तुला नाही

नसरीन,

आम्ही गल्ली सोडली त्या सकाळी टेम्पो वळणावरच अडकला होता. समोरून पुस्तकांच्या गठ्ठ्यांची हातगाडी आली, मागे घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि बुधवार पेठेतले दुकानदार आपापली कामं सोडून सल्ले द्यायला बाहेर आले. "अहो, कपाट आडवं करा. गल्ली काय आता रुंद व्हायची नाही," असं त्यातला एक जण म्हणाला आणि डोळ्यांत पाणी असूनही मला हसू फुटलं. तेवढ्यात तू धावत आलीस. माझ्या शिलाई मशीनचं झाकण घरीच राहिलं होतं, ते तू खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवलंस. "आपा, तुझ्याजवळच घर बघते मी. थोडे दिवस जाऊ देत," म्हणालीस. अब्बा बाइंडिंगच्या दुकानातून तसेच उठून आले होते, बोटांना खळ लागलेली. त्यांनी टेम्पोच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "वहाँ जा के कोने में मत बैठना, रेहाना. लोगों में बैठना."

जाणं म्हणजे तरी काय, एकाच शहरात बसने तासाभराचं अंतर. दुबईला गेलेल्या मामूंनी ऐकलं असतं तर हसले असते. पण दोन खोल्या आणि माळा यांत आठ माणसं राहायची, मुली मोठ्या होत होत्या, आणि सलीमची कंपनी आळंदी रस्त्याच्या बाजूला होती. आपल्या गल्लीतून जे जे बाहेर पडले ते बहुतेक कोंढव्याला गेले. तिथे आपली माणसं, आपली दुकानं, हाकेला ओ देणारं कुणीतरी. आम्ही विश्रांतवाडीला गेलो. जे कोंढव्याला गेले त्यांना मी तेव्हा मनातल्या मनात थोडं भित्रं समजायचे. आज ते परत घेते.

गल्लीत दार बंद केलं की कुणीतरी विचारायचं, बरं नाही का? इथे दार उघडं राहिलं की विचारायचे, कुलूप बिघडलं का? बत्तीस फ्लॅट, दोन विंग, एक लिफ्ट. लोक वाईट नव्हते. हसायचे, "काय, लागलात का?" म्हणायचे आणि आत जायचे. समोरच्या शीलाताई तेवढ्या पहिल्याच दिवशी दारात आल्या. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. हातात झाकलेली ताटली होती. "तुम्ही आमच्या घरचं खाता ना?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न आपणच इतरांना विचारायचा असतो अशी मला सवय. मग मी म्हटलं, "तुम्ही दिलंत तर." तेव्हापासून आमची गट्टी जमली. सोसायटीतलं कुणाचं काय चाललंय, कुणाशी कसं बोलायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं.

सेक्रेटरी मी कशी झाले ते तुला ठाऊक आहे, पण तेव्हा मी ते फार रंगवून सांगितलं होतं. खरं तर कुणालाच ते काम नको होतं. लहान सोसायटी, निवडणूक वार्षिक सभेतच उरकायची: कुणीतरी नाव सुचवायचं, कुणीतरी अनुमोदन द्यायचं. चेअरमन मोहितेसाहेब. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. त्यांनी विचारलं, "सेक्रेटरीपदासाठी कोण?" आणि सगळ्यांना एकदम आपापले मोबाइल आठवले. समितीत दोन जागा बायकांसाठी राखीव असतात. एका जागेवर शीलाताई होत्याच. त्यांनी माझं नाव घेतलं. "मराठी अक्षर सुंदर आहे त्यांचं," एवढंच कारण दिलं. बिनविरोध.

मला तो मान वाटला. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगवरून होणारी भांडणं, सगळं मी अंगावर घेतलं. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांच्या घरी चहा झाला. बोर्डावर मी लिहिलेली नोटीस लागली की लोक वाचायचे, कारण त्यात चुका नसायच्या. अब्बांनी सभेच्या मिनिट्ससाठी लाल कापडाची वही स्वतः बांधून दिली. तू फोनवर म्हणालीस, "आपा, तू तर नगरसेविकाच झालीस!" त्याच वर्षी अब्बा गेले. मी लोकांत बसले, एवढं त्यांनी पाहिलं.

आता पुढचं नीट वाच, कारण पुढचं मी तुला खोटं सांगितलं आहे.

पेठेतली आपली इमारत धोकादायक आहे म्हणून महापालिकेची नोटीस आली आणि तुम्ही भाड्याची जागा शोधायला लागलात. आमच्या वरचाच फ्लॅट रिकामा होता. मालक कॅनडात. तूच त्यांच्याशी फोनवर बोललीस, माणूस चांगला वाटला म्हणालीस. ते तयार झाले. तुझ्या झोयासाठी इथली शाळासुद्धा तू बघून आलीस, गेटवरच्या शिपायाशी गप्पा मारून. फक्त सोसायटीची एनओसी राहिली होती, आणि सेक्रेटरी तर तुझी बहीण.

मालकाचा अर्ज मी समितीपुढे ठेवला. मोहितेसाहेबांच्या हॉलमध्ये आम्ही पाच जण बसलो होतो. तू माझी बहीण आहेस हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, शीलाताईंनासुद्धा नाही. ओळख काढून काम करून घेतलं असं कुणी म्हणायला नको, असा माझा विचार. तुझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

मोहितेसाहेबांनी चष्मा लावला, अर्ज वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"मालकाला कळवा, समितीला हे कुटुंब योग्य वाटत नाही."

मी विचारलं, "कारण काय लिहू?"

"कारण कशाला लिहायचं? मिनिट्समध्येही नको. विषय पुढे ढकलला, एवढंच टाका." मग माझ्याकडे बघून आवाज मऊ केला. "मॅडम, तुमचं वेगळं हं. तुम्ही आमच्यातल्याच आहात. पण एक आले की मागून चार येतात, मग सोसायटीचं वातावरण बदलतं. तुम्हाला समजतंय ना?"

बाकीचे दोघे पुरुष बिस्किटांच्या बशीकडे बघत होते. शीलाताई पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी थांबले. मग कळलं, ते सगळे माझीच वाट बघत होते. मी एक शब्द बोलले असते तर कदाचित त्यांनाही बोलता आलं असतं. ती माझीच बहीण आहे, एवढं एक वाक्य होतं. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मला काय वाटलं सांगू? वाटलं, आत्ता बोलले तर मीही "त्यांच्यातली" होईन. इतक्या वर्षांत मिळवलेलं सगळं एका वाक्यात जाईल.

मी वहीत लिहिलं, विषय चर्चेला घेतला, निर्णय पुढे ढकलला. खाली सही केली.

संध्याकाळी तुला फोन केला आणि म्हटलं, "फ्लॅट गेला गं. मालकाच्या कुणा ओळखीच्यांनी घेतला." आणि तू मलाच धीर दिलास! "असू दे आपा, तू किती धावपळ केलीस माझ्यासाठी," म्हणालीस. मग तुम्ही कोंढव्याला गेलात. ईदला इकडे आलात तेव्हा वरच्या खिडक्यांकडे बघून तू विचारलंस, कोण आलं राहायला? मी म्हटलं, आयटीवाले, कधी घरी नसतात. फ्लॅट रिकामाच होता, नसरीन. आठ महिने मी त्या बंद खिडक्यांखालून ये-जा केली.

मग पुन्हा निवडणूक आली. रविवारी सकाळी, पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. मोहितेसाहेबांनी स्वतः उभं राहून माझं नाव सुचवलं. म्हणाले, "रेहाना मॅडमनी सोसायटीला शिस्त लावली. आणि आणखी एक सांगतो. बाहेर लोक काय काय बोलतात, पण आपल्याकडे भेदभाव नाही. हा बघा पुरावा, आपल्यासमोर बसलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या धाकट्या मुलीनेही वाजवल्या, ती जिन्यात बसून बघत होती.

त्या टाळ्या थांबेपर्यंत मी बसून होते. मग उठले. समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

म्हटलं, "एक गोष्ट मिनिट्समध्ये लिहायची राहिली आहे. वरचा फ्लॅट आठ महिने रिकामा का आहे, ते. एका कुटुंबाला समितीने नाही म्हटलं, कारण ते मुसलमान होते. कारण लिहू नका असं मला सांगितलं गेलं आणि मी लिहिलं नाही. ती माझी सख्खी बहीण होती. ही चूक एकट्या चेअरमनसाहेबांची नाही, वहीत सही माझी आहे. आज ते लिहून घ्या. त्यानंतर मला निवडायचं असेल तर निवडा."

मागच्या रांगेतून कुणीतरी लगेच म्हणालं, "हा विषय विषयपत्रिकेत नाही." दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "आधी सांगितलं असतं बहीण आहे, तर काढला असता मार्ग." मोहितेसाहेब लालबुंद झाले होते, पण आवाज चढवला नाही. "मॅडम भावनाविवश झाल्यात," एवढंच म्हणाले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एका निवृत्त बँकवाल्या बाईंचं नाव सुचवलं गेलं, अनुमोदनही मिळालं. चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. त्यांना सतरा, मला अकरा. मी बोललेलं त्या वहीत आलं की नाही, हे मी अजून पाहिलेलं नाही. वही आता त्यांच्याकडे असते.

घरी आल्यावर सलीमने आधी मुलींना आत पाठवलं. त्यालाही मी काही सांगितलं नव्हतं. मग त्याने एकच विचारलं, "नसरीनला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. सगळ्या सोसायटीला माहीत झालं, दूधवाल्यापर्यंत गेलं, आणि फक्त तुला माहीत नाही. सभेत सगळ्यांपुढे बोलणं त्या मानाने सोपं होतं, कारण त्यांच्याशी मी खोटं बोलले नव्हते. रोज ठरवायचे, आज फोन करते. तू "बोल आपा" म्हणायचीस आणि मी झोयाची परीक्षा विचारायचे.

अकरातलं एक मत माझंच, म्हणजे उरली दहा. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की मनात यायचं, हे त्या दहांतले की सतरांतले? काही जण पूर्वीपेक्षा जास्त हसायला लागले, काही जण जिन्याने जायला लागले, पण त्यावरूनही काही कळायचं नाही. एका घराबद्दल मात्र मला शंका नव्हती. समोरच्या.

गेल्या मंगळवारी दुपारी शीलाताई आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला मत दिलं नाही. हे सांगायला आले."

मी त्यांच्यामागचं दार लोटून घेतलं. त्या पुढे म्हणाल्या,

"त्या दिवशी हॉलमध्ये मीही गप्प बसले होते. तुम्ही सभेत बोललात तेव्हा वाटलं, आता माझंही नाव घेतील. तुम्ही घेतलं नाहीत. त्याचाच मला राग आला, का ते मला विचारू नका. चिठ्ठीवर दुसरं नाव लिहिलं. तुम्ही रोज मला भेटल्यावर 'तुम्ही तरी माझ्या बाजूने होतात' म्हणता. ते मला ऐकवत नाही आता."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. चहा ठेवते म्हणून मी आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आपल्या गल्लीत असं काही झालं असतं तर चौकात भांडण झालं असतं आणि दुसऱ्या दिवशी मिटलंही असतं. इथे लोक गोष्टी कपाटात ठेवतात, वर्षानुवर्षं. आणि ही सत्तरीची बाई एकटी, कुणी न विचारता, चार पावलं चालून माझ्या दारात आली होती. ती आली नसती तर ते मला कधीच कळलं नसतं. बाहेर आले तेव्हा त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. आम्ही चहा प्यायलो. फारसं बोललो नाही. जाताना मी त्यांना "पुन्हा या" म्हटलं, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी पूर्वी पेठेचं नाव सांगायचे. आता विश्रांतवाडी सांगते. इथे मला मानतात म्हणून नाही. इथे मी हरले, इथे मी गप्प बसले आणि नंतर खरंही बोलले, आणि ज्यांच्यासमोर हे झालं त्यांच्यातच मला रोज भाजी घ्यायला उतरायचं असतं. दुसऱ्या कुठल्या जागेवर माझा एवढा हक्क आणि एवढं ओझं नाही. हेच घर असावं. पण तू इथे येशील तेव्हा वरच्या खिडक्या बघून पुन्हा काही विचारशील, आणि त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं होतं.

माफ कर, असं लिहून टाकणं सोपं असतं म्हणून ते लिहीत नाही. तू इकडे ये असंही म्हणत नाही. रविवारी सकाळी मी कोंढव्याला येते, एकटी. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी बेल एकदाच वाजवीन आणि जिन्यात बसून राहीन.

रेहाना