अपुरं तळं

कार्डिफमधल्या त्या घरात मी केअरर म्हणून लागले, तेव्हा वाटलं होतं, चित्रकाराचं घर म्हणजे भिंती चित्रांनी भरलेल्या असतील. भिंती कोऱ्या होत्या. बाई म्हणाल्या, "पुरी झाली ती गेली, अपुरी मी पुसली. इथे राहणार काय?"

त्या फिनलंडच्या. तरुणपणी लग्न होऊन इकडे आल्या आणि साठेक वर्षं एकच गोष्ट रंगवत राहिल्या : गोठलेलं तळं. सुरुवातीला कुणी विचारलं नाही. शाळेत चित्रकला शिकवून घर चालवलं. मग मायदेशातल्या संग्रहालयानं चित्रं घेतली, पेपरात फोटो आले. मग लोक विसरले. मी त्यांना आंघोळ घालत असताना हे सगळं त्या सांगायच्या, जणू दुसऱ्याच कुणाचं.

मी नववीत शाळा सोडलेली. आमच्याकडे शिकवणाऱ्यांना म्हणतात तसं मी त्यांना 'बाई' म्हणायचे. काही चुकलं तर कामाला लावणारी एजन्सी मला भारतात परत पाठवेल, ही धास्ती मला उठताबसता. चमचा पडला तरी माझ्या तोंडातून सॉरी निघायचं. "आता चमच्यालाही सॉरी म्हण," त्या म्हणायच्या. ब्रश धुवायला, रंग घोटायला त्यांनीच शिकवलं. इतक्या विश्वासानं माझ्या हातात आधी कुणी काही दिलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्या जिन्यात पडल्या. हॉस्पिटलमधून परतल्या त्या थरथरता उजवा हात घेऊनच. मुलीनं केअर होम ठरवलं, सोमवारी जायचं. तिथे तेलरंग, टर्पेंटाइन चालणार नव्हतं. ईझलवर एक तळं अर्धवट होतं, ते जायच्या आधी पुरं करायचं, एवढंच बाईंना हवं होतं. पण त्यांची रीत अशी, की पातळ थर द्यायचा, तो वाळला की मगच पुढचा. आणि कार्डिफच्या दमट हवेत रंग काही वाळेना. हीटर लावू का, मी विचारलं.

"तळं वितळेल," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

रविवारी सकाळी त्यांनी बोट टेकवून पाहिलं. चिकट.

"पुसून टाक."

सामान बांधणारी मुलगी धावत आली. "आई, काहीतरीच काय! मी नेते ते घरी. हॉलमध्ये लावते."

"सोफ्याला मॅच होतं म्हणून?"

"प्लीज, आई. तिकडेही क्रेयॉन देतात, अ‍ॅक्टिव्हिटीज असतात…"

"म्हणजे बालवाडी. अपुरं चित्र घराबाहेर जात नाही. लहानपणापासून बघतेयस तू."

मुलगी माझ्याकडे वळली. "तू हात लावायचा नाहीस. नाहीतर मी एजन्सीशी बोलेन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच चिंधी उचलली, टर्पेंटाइनमध्ये बुडवली. हात चित्रापर्यंत पोचायच्या आत ती गळून पडली. उचलायला त्या वाकू लागल्या. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि चिंधी घेतली.

मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिनं थांबवलं नाही. एजन्सीलाही काही कळवलं नाही, हे तिचे उपकार मी आजही मानते.

आधी सुरीनं खरवडायचं, मग चिंधी. बर्फ निघाला, त्याच्याखालचा निळा निघाला, मग नुसता मळकट कॅनव्हास. बाईंनी डावा तळवा त्यावरून सावकाश फिरवला. एका कोपऱ्यात तो थांबला.

"इथे राहिलंय," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा चिंधी भिजवली.