रोजची एक फेरी

ताई रोज सकाळी आंघोळ उरकली, की दोन्ही हातांची बोटं कडाकडा मोडायची आणि कॉम्प्युटरवर गाडीच्या जुन्या गेमची एकच फेरी मारायची. दुसरी मार म्हटलं, की म्हणायची, "मी काय रिकामटेकडी आहे?" मग चाकाची खुर्ची वळवून छापखान्याचं टायपिंग पुढ्यात घ्यायची.

पाय आधीच गेले होते. पुढची पाळी हातांची, मग श्वासाची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून ही फेरी म्हणजे तिचं थर्मामीटर झाली. गाडी कुठे न आदळता परत आली, की आजचा दिवस तरी हात आपले.

धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचा. घरातला डबा मॉनिटर जळला तेव्हा त्याने मोठ्या हौसेने नवा, चपटा आणून बसवला. दुसऱ्या दिवशी ताई पहिल्याच वळणावर भिंतीवर आदळली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने बोटं मोडलीच नाहीत. छापखान्यात निरोप धाडला, माझ्या जागी कुणीतरी बघा.

दिवसभर लोकांची यंत्रं उघडून बसणाऱ्या भावाला घरातलं यंत्र तपासावंसं वाटलं नाही, इतके डॉक्टरांचे शब्द डोक्यात रुतले होते. एका सकाळी ताई आंघोळीला गेलेली असताना त्याने उगाच गाडी सुरू केली. तोही त्याच भिंतीवर आदळला.

तेव्हा कुठे ट्यूब पेटली. हा गेम इतका जुना, की पडद्यावर चित्र बदललं की गाडी एक पाऊल पुढे. आधीचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा, नवा दुपटीहून जास्त. गाडी सुसाट सुटणारच.

"ताई, बाहेर ये आधी! तुझे हात ठणठणीत आहेत, मॉनिटर पिसाटलाय!"

त्याने सेटिंगमध्ये साठ केलं. गाडी शहाण्यासारखी वळली.

"गाढवा," ताई म्हणाली, "जिवंतपणी मारून ठेवलं होतंस मला." आणि ठसका लागेपर्यंत हसली.

छापखान्याचं काम परत आलं. उन्हाळा बरा गेला. थंडी पडली तशी गाडी पुन्हा आदळू लागली. भावाने सेटिंग उघडलं. साठच होतं. बंद करून पुन्हा उघडलं. साठच.

मग एक दिवस, ताई यायच्या आत, त्याने गुपचूप पन्नास केलं. गाडी वाचली.

"जमतंय की!" तो जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

ताईने पडद्यावरची नजर काढली नाही. "गेमचं गाणं त्याच चालीत वाजतंय, गाडी तेवढी म्हातारी झालीय. कुक्कुलं बाळ समजतोस का मला?"

"अगं, तसं नाही..."

"होतं तसं कर."

त्याने केलं. तिचं बोट बटणापर्यंत पोचलं तोवर वळण निघून गेलं होतं. गाडी भिंतीला नाक लावून नुसतीच घरघरत राहिली. ताई बघत बसली. त्याला खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही.

त्याच दुपारी दुकानात शेजारणीचा फोन आला. ताईचा श्वास झोपेतच थांबला होता. सकाळी तो चपला घालत होता, तेव्हा ती आतून म्हणाली होती, "जा आता, गिऱ्हाईक खोळंबलं असेल. आणि दार नीट ओढून घे, ते मांजर शिरतं."