डोमाभाऊंनी न टाकलेला गोटा

नाला ओलांडून आम्ही पुन्हा झाडीत शिरलो तेव्हा ऊन बरंच वर आलं होतं. डोमाभाऊ पुढे, मी मागे. आरमोरीला शिक्षकांची सभा असली की गाव त्यांना माझ्यासोबत धाडायचं. वाट वाघाची, आणि मी शाळेची एकटी बाई.

"आज गप्प गप्प का हो, भाऊ?"

"वाघाले आपला आवाज काऊन ऐकवा, बाई?"

एरवी हाच माणूस गुणवंतराव पाटलाची नक्कल करत मला आरमोरीच्या वेशीपर्यंत हसवत न्यायचा.

डोमाभाऊ आमच्या गावात आले ते स्वातंत्र्याच्या आदल्या साली. झिंगू ढिवर ऐनाच्या झाडांवर कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, अळ्या वाढवायचा. त्यांच्यावरचे कावळे हाकायला त्याला माणूस हवा होता. कोसा उतरेपर्यंत राखणाऱ्याने दाढी करायची नाही, गावात झोपायचं नाही, असा ढिवरांचा नेम. दुसऱ्याला जाच झाला असता. यांनी तो नेम आनंदाने पाळला आणि हंगाम सरल्यावरही दाढी ठेवली. बाजारात कधी गेले नाहीत. रात्री दंडारीचा नाच-खेळ बघायला आले तरी कंदिलाच्या उजेडाबाहेर उभे. आम्ही म्हणायचो, लाजरा माणूस आहे.

एकच गोष्ट गावाला खटकायची. या वाटेवर, झाडी संपते तिथे, मोहाच्या झाडाखाली गोटेदेव आहे. येणारा-जाणारा एक गोटा टाकून पुढे जातो. नाही टाकला तर वाघ आडवा येतो. डोमाभाऊंनी कधी टाकला नाही. मी हात जोडेपर्यंत ते लांब उभे राहायचे. परवा वाघाने शकुबाईची गाय नेली, तेव्हा सारं गाव त्यांच्यावरच घसरलं.

देवापाशी आलो. मी गोटा टाकला, डोळे मिटले. उघडले तर डोमाभाऊ मोहाच्या मुळीवर बसलेले. वाटेत ते कधी बसत नसत.

"काल गावात एक माणूस आला होता," ते म्हणाले.

"तो लाकडाचा व्यापारी ना? तरणा, उंचसा?"

"व्यापारी नाही तो. मला शोधतो आहे." त्यांची बोली एकदम माझ्या शाळेच्या पुस्तकासारखी झाली. "मी इंग्रजांच्या गुप्त पोलिसात अंमलदार होतो, बाई. याच्या चळवळीतल्या थोरल्या भावाचा मित्र होऊन त्यांच्या घरी राहिलो. त्यांचं जेवलो, आणि त्याचंच नाव वर कळवलं. तो तुरुंगात वारला."

"पण त्याला कसं कळलं, तुम्ही इथे आहात ते?"

"त्याने विचारलं, गावात बाहेरचा कोण आहे. मी कुडामागे उभा होतो. ऐकायची सवय जात नाही. शकुबाई म्हणाली, एक आहे, देवाले गोटा टाकत नाई. बस्स. त्यांच्या गावच्या वाटेवरही असाच देव होता. हा तेव्हा लहान होता, मी गोटा टाकत नाही म्हणून मला चिडवायचा. आम्हाला शिकवलंच होतं तसं, जिथून जाल तिथे खूण ठेवू नका."

"मग निघून जा कुठे तरी."

"कुठे? वडशाच्या स्टेशनावर नवा चेहरा लगेच कळतो. नदीपलीकडे माझ्यासोबत काम केलेले लोक आहेत, त्यांची नावं मला ठाऊक, त्यांना मी जिवंत नकोच. अळी आपल्याभोवती कोसा विणते, तिला वाटतं लपलो. मग झिंगू तिला उकळतो."

"कोशाचं राहू द्या. पोलिसात सांगा."

ते हसले. "मीच पोलीस होतो ना, बाई. तो आता आरमोरीत रहीमच्या खानावळीत बसला आहे, तेही कुडामागूनच ऐकलं. आज मी तुम्हाला पोचवायला येणार, हे गावाने त्याला सांगितलंच असेल."

"आणि तरी आलात?"

"तुम्हाला एकटं सोडू? वाघ आहे."

मग ते उठले. धोतराच्या सोग्यातून एक गोटा काढला, ओला. नाल्यातूनच उचलून आणला असणार. देवापुढे ठेवला आणि आपलं खरं नाव मोठ्याने घेतलं. ते मी इथे लिहीत नाही.

समोर धानाच्या बांध्या होत्या, बाया कापणी करत होत्या. तिथून पुढे मला वाघाची भीती नव्हती. डोमाभाऊ पुन्हा मुळीवर बसले, आणि बोलले ते आमच्या झाडीच्या बोलीत.

"बाई, एक काम करा माझं. रहीमच्या खानावळीत जा. त्याले सांगा, मी इथीच बसून आहे, पळत नाई. पोलीस आणते तं आणू दे, एकटा येते तं येऊ दे."

"अन् त्याने तुमचं काही बरंवाईट केलं तर?"

"ते त्याचं तो पाहीन. पण त्याले म्हणा, येताना गोटा घेऊन ये. त्या घरात आता तो एकलाच उरला. त्याले वाघ आडवा याले नको."